अकरा एकरांचा ट्रॅक्टर

लहान ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की माझ्याकडं सल्ल्याला येणारी आमच्या भागातली माणसं पहिला प्रश्नच चुकीचा विचारतात. "ताई, पाच एकराला किती हॉर्सपॉवर लागंल?" मी म्हणते, एकर राहू द्या बाजूला. तुमच्या रानात सगळ्यांत अडचणीची जागा कोणती, जिथं ट्रॅक्टर वळवावाच लागतो, ती आधी सांगा. काहींना हे पटतं. काहींना वाटतं बाई उत्तर टाळतेय, आणि ते दुसऱ्याकडं जाऊन मोठा ट्रॅक्टर घेऊन येतात. मी त्यांना अडवत नाही. पण आमच्या घरात एक ट्रॅक्टर एकरांच्या हिशेबानं आला होता, आणि ती गोष्ट मी आजवर कुणाला सगळी सांगितलेली नाही. जिच्यासाठी सांगितली नाही, ती माझी काकू मागच्या उन्हाळ्यात गेली. आता लिहायला हरकत नाही.

आमचं गाव पिशोरपासून आत. आजोबांची अकरा एकर जमीन, आणि मुलगे दोन, माझे वडील अण्णा आणि त्यांच्यापेक्षा बरेच लहान काका. वाटणी झाली ती आमच्याकडं होते तशीच झाली, म्हणजे उभी. रानाचं वरचं टोक रस्त्याला, खालचं नाल्याला. वर मुरमाड, खाली काळी. आडवी वाटणी केली असती तर एकाला रस्ता मिळाला असता आणि दुसऱ्याला माती. दोघांना रस्ता, दोघांना काळी जमीन आणि दोघांना विहीर मिळावी म्हणून आजोबांनी रान वरपासून खालपर्यंत मधोमध चिरलं. न्याय अगदी चोख झाला आणि रानाचे दोन लांबलचक पट्टे झाले, वाळत घातलेल्या दोन धोतरांसारखे. मधे बांध, बांधावर बोरी आणि सीताफळी. खालच्या टोकाला, बांध संपतो तिथंच, सामाईक विहीर. तिचं वरचं बांधकाम अर्धवट राहिलेलं, कठडा नव्हताच. बैलांना त्या रुंदीचा काही त्रास नव्हता. बैल जागच्या जागी वळतात, आणि विहिरीपाशी आपणहून अंग चोरतात.

काका शहरात छावणीत राहायचे. एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचे. त्यांना मूल नव्हतं. दहावीनंतर मला पुढं शिकायचं होतं आणि गावात सोय नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडं राहायला गेले. दोन खोल्या, पत्र्याचं छत, पहाटे लष्कराच्या बाजूनं येणारा बिगुल. बिगुल वाजला की काकूचा स्टोव्ह पेटायचा. ती येसराची आमटी अशी करायची की काका ताटावर बसताना नेहमी मला म्हणायचे, "मंगल, हिच्या हातची आमटी खाऊन मानूस ट्रक सोडून इमान चालवंल." काकू म्हणायची, "आधी ट्रकचं डिझेल अंगावरनं धुवा." काका बोलके, हौशी. अंगात नेहमी इस्त्रीचा शर्ट. शनिवारी ट्रक लावला की आम्ही तिघं गावी जायचो.

गावी एक गंमत असायची, म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटायची. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. काकू अण्णांशी कधीच बोलली नव्हती. अण्णा हातभर अंतरावर जेवत बसलेले असायचे आणि ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून मला म्हणायची, "मंगल, तुझ्या अण्णाला इचार, भाकर वाढू का?" अण्णा ताटात बघत म्हणायचे, "म्हनाव, अर्धी." दोघांनी दोघांचं ऐकलेलं असायचं. तरी मी मोठ्यानं "अर्धी" म्हटल्याशिवाय भाकरी ताटात पडायची नाही. मी नसले की हे काम माय करायची, पण ती निम्मं स्वतःचं घालायची. मी जसंच्या तसं सांगायचे, म्हणून दोघांनाही मीच लागायचे.

दोन्ही पट्टे अण्णाच बघायचे, एका बैलजोडीवर. त्यातला एक बैल म्हातारा झाला, खाली बसला की उठवावा लागायचा. तेव्हा काकांनी ट्रॅक्टरचा विषय काढला आणि सोडलाच नाही. शेवटी एका शनिवारी अण्णा शहरात आले. काकांनी शर्टाला पुन्हा एकदा इस्त्री केली आणि आम्ही जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. कागद वाचायचे असले तर म्हणून मला बरोबर घेतलं होतं. वाचायची वेळ आली नाही. दुकानातल्या माणसानं विचारलं, "एकर किती?" आणि काका म्हणाले, "अकरा." ते खोटं नव्हतं. दोघांचे मिळून अकराच होते. पण अकरा एकर म्हटल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांपुढं अकरा एकरांचं एक चौकोनी रान आलं असणार, आणि काकांच्या डोळ्यांपुढंही बहुतेक तेच आलं. तो आम्हाला पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरकडं घेऊन गेला.

अण्णा मागं राहिले होते. कोपऱ्यात एक बुटका ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या बॉनेटवर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवला होता. अण्णांनी त्याच्या मागच्या चाकांशी उभं राहून दोन्ही हात पसरले, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. मग पुढं जाऊन पुन्हा पसरले. मला म्हणाले, "कपाशीच्या दोन ओळींतनं जाईल हे." मग दुकानदाराला म्हणाले, "ह्यो किती जागंत वळतो?"

"चाचा, वो तो द्राक्षवाले लेते, नाशिक साइडको," तो हसत म्हणाला. "आपके अकरा एकर को वो क्या करता?"

काका अण्णांच्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, आपुन काय द्राक्षवाले हाव का? पावन्यारावळ्यात काय सांगायचं? दोघा भावांनी मिळून बोकूड घेतलं म्हनून?"

"वळाया पायजे ना पर," अण्णा म्हणाले.

"मी ट्रक वळवितो दादा, घाटात. ह्यो काय वळनार न्हाय?"

अण्णा त्या बुटक्या ट्रॅक्टरपासून बाजूला झाले. भावाचा शब्द चारचौघांत मोडायचा नाही, ही त्यांची रीत. मोठा ट्रॅक्टर घरी आला. मायनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गल्लीतली माणसं येऊन चाकाला हात लावून गेली, आणि काका दिवसभर त्यावरून उतरले नाहीत. मीही चढून बसले. खोटं कशाला सांगू, मलाही तो आवडला होता.

ट्रॅक्टरचं वजन, नांगराची रुंदी, मागच्या चाकांमधलं अंतर, हे सगळं रानात गेल्यावर कळतं, दुकानाच्या फरशीवर कळत नाही. वरच्या टोकाला रस्ता होता, तिथं काका बाहेर येऊन वळायचे. खालच्या टोकाला मात्र एका बाजूला बांध, एका बाजूला शेजाऱ्याचं कुंपण, समोर नाला आणि कोपऱ्यात विहीर. एका दमात वळणं होतच नव्हतं. पुढं, मागं, पुन्हा पुढं, असं प्रत्येक खेपेला. वळायला म्हणून खाली रुंद पट्टा पडीक सोडावा लागला, आणि तीच नेमकी आमची सगळ्यांत काळी जमीन होती. काका म्हणाले, "दादा, बांध काढून टाकू. दोघांचं एक रान करू, ट्रॅक्टर आडवा चालवू. मंग बघा."

अण्णा म्हणाले, "बांध ऱ्हाऊ दे."

"का पर? तुमचा माझ्यावर भरोसा न्हाय का?"

"तुझ्यावर हाये. आज आपुन दोघं हाव. उद्या कोन असंल, काय ठावं?"

काकांना ते लागलं. मूल नसलेल्या माणसाला ते लागणारच, पण अण्णांच्या मनात तसं नव्हतं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की बांध मोडला की भाऊ मोडतात. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत असतं आणि खोटंही नसतं. त्या संध्याकाळी काका न जेवता झोपले. काकूनं मला सांगितलं, "तुझ्या अण्णाला म्हनाव, तेंचा भाऊ उपाशी हाये." मी सांगितलं. अण्णा उठून गेले आणि भावाला हाताला धरून ताटावर घेऊन आले. पण बांध राहिला.

मग दोघांनी मधला मार्ग काढला. विहीर खोदली तेव्हाचा मुरूम आणि दगड विहिरीच्या कडेला ढीग होऊन पडला होता. तो ढीग पसरून दोघांनी ती जागा सपाट केली, म्हणजे काकांना वळायला आणखी थोडी जागा झाली. दिसायला चांगली टणक, सारखी जमीन झाली. आता मला कुणी अशी जागा दाखवली तर मी आधी पहार घालून बघते. भर घातलेली माती वरून टणक दिसते आणि आत पोकळ असते. तेव्हा पहार कुणी घातली नाही.

वळवाचा पाऊस दोन-तीनदा चांगला झाला होता. रविवार होता, काकू त्या खेपेला शहरातच राहिली होती. काका सकाळपासून आमच्या पट्ट्यात नांगर चालवत होते, त्यांचा पट्टा आदल्या रविवारी झाला होता. मी आणि माय धपाटे आणि दही घेऊन बांधावरून खाली येत होतो. अण्णा नाल्याच्या बाजूला ढेकळं फोडत होते. काकांनी आम्हाला पाहिलं, एक हात वर केला, आणि वळण घ्यायला ट्रॅक्टर मागं आणला. ट्रॅक्टर मागं येऊन थांबला आणि थांबलेलाच खाली बसला. डावं मागचं चाक बसलं, पुढची दोन्ही चाकं वर उचलली गेली. उडी मारायला काकांनी एक पाय बाहेर काढलेला मी पाहिला. मग तिथं काहीच नव्हतं. पाण्यात इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. त्यानंतर मुरमाचे खडे पाण्यात पडत राहिल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

अण्णा मोटारीच्या पाइपाला धरून खाली उतरले. पाइप सुटला, त्यांचा खांदा निखळला, तरी ते पाण्यात गेले. काका ट्रॅक्टरच्या खाली होते. गावातल्या पोहणाऱ्यांनी दुपारनंतर त्यांना काढलं. ट्रॅक्टर काढायला देवगाव रंगारीहून साखळ्या आणि तिवई घेऊन माणसं आली, ती दुसऱ्या दिवशी. वर आल्यावर ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला, पाणी गळत. नुसता एक दिवा फुटला होता. पुढं मिस्त्रीनं इंजिन धुऊन काढलं तर ते चालू झालं. मायनं त्या वेळी कानांत बोटं घातली.

काकू शहरातून आली ती एकही शब्द न बोलता आली. दहाव्यापर्यंत ती बोलली नाही. दहाव्याच्या दिवशी माणसं जेवून पांगली, अण्णा ओट्यावर गळ्यात हात बांधून बसले होते. काकू दाराच्या आत, उंबऱ्यापाशी बसली होती. तिनं पदर पुढं ओढला आणि मला हाक मारली.

"मंगल, इचार तुझ्या अण्णाला. बांध काढला असता तर काय गेलं असतं तेंचं?"

मी अण्णांकडं पाहिलं. ते गळ्यातल्या हाताची गाठ चाचपत बसले.

"इचार ना. मोकळ्या रानात वळला असता माझा मानूस. बांध पायजे व्हता तेन्ला. आता म्हनाव बांध खावा."

माय चुलीपासून उठली. "अगं बाई, ट्रॅक्टर कुनी..."

"गप," अण्णा म्हणाले. मायला ते कधी असं बोलत नसत. ती बसली.

मी उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिले, कारण उत्तर नेणं हे माझं काम होतं. अण्णांनी उत्तर दिलं नाही. काकू त्याच दिवशी छावणीत परत गेली. जाताना म्हणाली, माझा पट्टा पडीक राहिला तरी चालंल, तुमच्या हातात देणार नाही. मीही तिच्याबरोबरच गेले, कारण माझं कॉलेज तिथं होतं आणि दुसरी सोय नव्हती. ती लष्करी गणवेश शिवायचं काम घ्यायला लागली. आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत राहायचो, मशीन चालायचं, पहाटे बिगुल वाजायचा. काकांचं नाव निघालं की ते अण्णांच्या नावाबरोबरच निघायचं. गावात आणि भावकीत हेच पक्कं झालं होतं, थोरल्यानं बांध सोडला नाही म्हणून धाकटा गेला. अण्णा बाजाराला गेले की माणसं त्यांच्याशी पिकापाण्याचं बोलायची आणि तेवढ्यावर थांबायची.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, खरं ते का सांगत नाही? अण्णा म्हणाले, "काय सांगू? तुझा नवरा हौसेपायी मेला म्हनून सांगू? तिच्यापाशी दुसरं काय ऱ्हायलंय?" मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तो त्यांचा निर्णय होता.

मोठा ट्रॅक्टर विकला. भाड्याच्या बैलांवर दोन वर्षं गेली. मग बैल मिळेनासे झाले आणि अण्णांचा खांदा वर उचलेनासा झाला. कॉलेज संपवून मी गावी आले होते. घरात माझ्या लग्नाचं बघत होते, पण ज्या घरात असं झालंय तिथं यायला माणसं कचरत होती. मी अण्णांना म्हणाले, ट्रॅक्टर घेऊ, मी चालवते. त्यांनी उठून खुंटीवरची टोपी घातली. मग म्हणाले, "टेप घे."

आम्ही दोघांनी पट्टा मोजला. विहिरीपासून सुरक्षित अंतर सोडून खाली वळायला किती जागा उरते ते मोजलं. विहिरीला अण्णांनी एव्हाना छातीइतका कठडा बांधून घेतला होता. कपाशीच्या ओळींमधलं अंतर मोजलं. मग दुकानात जाऊन मी अठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बाहेरच्या मोकळ्या जागेत फिरवायला लावला आणि तो किती जागेत वळतो ते चुन्याची फक्की टाकून बघितलं. दुकानदार वैतागला. वैतागू दे. डाव्या आणि उजव्या चाकाला वेगळा ब्रेक असतो, एकच दाबला की ट्रॅक्टर त्या चाकावर फिरतो, हे मी तिथंच शिकले. हलका होता, ओल्या काळ्या रानात कमी रुतणार होता. मोठी ट्रॉली ओढणार नव्हता, खोल नांगरट करणार नव्हता. ते आम्हाला नको होतं. अण्णा त्याच्यावर बसले नाहीत, कधीच बसले नाहीत. गल्लीत तो आला तेव्हा कुणी चाकाला हात लावायला आलं नाही.

पेरणीआधी मी आमचा पट्टा करत होते. अर्धा झाला होता. वरच्या टोकाला, रस्त्यावर, काकू दिसली. पिशोरहून येणाऱ्या वडाप जीपमधून उतरली असणार. ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच रानात येत होती. बांधाबांधानं खाली आली आणि सीताफळीपाशी थांबली. अण्णा तिथंच बसले होते, ते उभे राहिले. मी ट्रॅक्टर बंद केला. काकूनं ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारली. मी खालच्या टोकाला वळताना तिनं पाहिलं होतं. एकाच दमात, विहिरीच्या पुष्कळ अलीकडं.

तिनं पदर पुढं ओढला. "मंगल, इचार तुझ्या अण्णाला. ह्यो असा बारका तवा मिळत नव्हता का?"

मला वाटलं, झालं. आता सुटतील. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की मिळत होता, कोपऱ्यात उभा होता, मी हात पसरून बघितला होता. तिनं आपणहून दार उघडलं होतं आणि मी साक्षीला उभी होते.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "सांग तिला," ते म्हणाले. "तवा निघालाच नव्हता. आत्ता आलाय."

ते तिनं ऐकलं होतं. पण आमच्या घरात मी म्हटल्याशिवाय ते बोललं गेलं असं होत नसे. दोघंही थांबून राहिले. अण्णांची नजर माझ्यावरून हलली नाही.

"अण्णा म्हणतात, तवा निघाला नव्हता," मी म्हणाले.

काकूनं मान हलवली. ट्रॅक्टरच्या गरम बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग तिनं मान वर करून सरळ अण्णांकडं बघितलं, जन्मात पहिल्यांदा, आणि त्यांनाच म्हणाली, "मंग बांध तरी काढायचा व्हता."

"व्हय," अण्णा तिला म्हणाले. "काढायचा व्हता. चुकलं माझं."

तिनं पदर पुन्हा पुढं ओढला. मग माझ्याकडं वळली. "माझा बी पट्टा करून दे," ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं घराकडं चालायला लागली.

मी बांधावर चढून तिचं रान बघितलं. दोन वर्षं नांगर लागला नव्हता. कुंद्याचं तण गुडघ्याला आलं होतं आणि त्याच्या मुळ्या हातभर खोल गेल्या असणार. हलक्या ट्रॅक्टरला ते एका फेरीत निघणारं काम नव्हतं. मी अण्णांना तसं सांगितलं.

"दोनदा घाल," ते म्हणाले.